पगडी युनिफॉर्ममध्ये कशी बसते? शीख सैनिक, दाढी, हेल्मेट आणि गॅस मास्कचा सगळा मामला सोप्या भाषेत

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, क्वांटिको नावाच्या लष्करी तळावर, तिथल्या शेकडो जनरल आणि अ‍ॅडमिरल लोकांना एकत्र बोलावलं होतं आणि संरक्षण खात्याचे प्रमुख पीट हेगसेथ यांनी त्यांना समोरासमोर सांगितलं की सैन्यात आता दाढ्या चालणार नाहीत. सोबत एक आदेशही निघाला, दाढीच्या सवलती २०१० च्या आधी जशा होत्या तशा करा. बातमी आपल्याकडे पोचली आणि लगेच दोन प्रश्न सगळीकडे फिरायला लागले. एक, शीख सैनिकांचं आता काय होणार? आणि दुसरा, जरा कुरकुरत विचारलेला, की सैन्यात नियम सगळ्यांना सारखाच हवा ना, मग एका धर्माला वेगळं का?

दुसरा प्रश्न वाईट हेतूनेच विचारला जातो असं मला वाटत नाही. माहिती नसल्यामुळे तो पडतो. पण त्याच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आधी युनिफॉर्म होता आणि मग त्यात पगडी घुसवली. इतिहास बघितला तर हे साफ उलटं आहे, आणि हेच नीट सांगायला हवं म्हणून हा लेख.

आधी बेसिक: केस, दाढी, पगडी

१६९९ च्या वैशाखीला पंजाबात आनंदपूर साहिब इथे गुरु गोबिंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला. जे पहिले पाच जण पुढे आले त्यांना पंज प्यारे म्हणतात, आणि त्यातले भाई साहिबसिंग हे बिदरचे, म्हणजे आपल्या लातूर-नांदेडच्या शेजारचे. खालशाची दीक्षा घेतलेल्या माणसाने, ज्याला अमृतधारी म्हणतात, पाच गोष्टी कायम अंगावर ठेवायच्या: केस, कंगा, कडं, कच्छा (गुडघ्यापर्यंतची खास चड्डी) आणि किरपाण. पंजाबीत या सगळ्यांची नावं 'क' ने सुरू होतात म्हणून पंच ककार.

आता यात पगडी कुठे आहे? नाहीये. खूप जणांना हे माहीत नसतं. ककार आहे तो केसांचा, न कापलेल्या केसांचा, आणि पगडी त्या केसांची राखण करते, पण तीनशे वर्षांत दोन्ही इतके एक झालेत की पगडी उतरवायला सांगणं हा शिखासाठी केस कापायला सांगण्याइतकाच मोठा अपमान आहे. गुरुद्वारांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मान्य केलेली जी आचारसंहिता आहे, रहत मर्यादा, तिच्यातही पुरुषाला पगडी सांगितलेलीच आहे.

आणि केस म्हणजे फक्त डोक्यावरचे नाहीत, सगळे, म्हणजे दाढीसुद्धा. म्हणून "थोडी ट्रिम करा ना, कुणाला कळतंय" हा तोडगाच नाही. आपल्याला दिसायला तो छोटा वाटतो, पण ज्याने अमृत घेतलंय त्याच्यासाठी अर्धा इंच कापणं आणि सगळी काढणं यात फरक नाही. सगळे शीख हे पाळतात असंही नाही, अनेक जण केस कापतात, पण जो पाळतो त्याच्यासाठी मधली वाट नाही हे एकदा लक्षात घेतलं की पुढचे सगळे वाद समजायला सोपे जातात.

पगडी म्हणजे टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची वस्तू पण नाही. आधी लांब केस विंचरून डोक्यावर जुडा बांधायचा, त्यावर कपाळाशी घट्ट बसणारी छोटी पट्टी, तिला बोलीत फिफ्टी म्हणतात, मग पाच-सहा मीटर पातळ सुती कापड. ते कापड आधी ओढून सारखं घडीत घ्यावं लागतं, त्याला पूणी करणं म्हणतात, आणि ते नीट व्हायचं तर दोन माणसं लागतात, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, त्यामुळे बॅरकमध्ये सकाळी दोन-दोन जवान समोरासमोर उभे राहून एकमेकांची पूणी करतात. मग दाताखाली एक टोक धरून एकावर एक थर चढवायचे, त्या प्रत्येक थराला लड म्हणतात. शेवटी सलाईने, म्हणजे एका चपट्या बारीक लोखंडी काडीने, बाहेर आलेले केस आत ढकलायचे आणि लडी सरळ करायच्या. फौजी पगडीत तर दोन्ही बाजूंच्या लडी सारख्या दिसायला लागतात, मधलं टोक कपाळाच्या बरोबर मध्यावर आणि रेजिमेंटचा बिल्ला ठरलेल्या जागी. परेडच्या आधी हे तपासलं जातं. ही शिस्त बघितली की "पगडीने शिस्त बिघडते" हे वाक्य मला तरी बोलवत नाही.

लांब केस आणि पगडी घट्ट बसवण्यासाठी सैनिक आणखी एक गोष्ट वापरतात, पटका. छोटं चौकोनी कापड, जुड्यावरून ताणून मागे बांधायचं. खेळताना लहान शीख मुलांच्या डोक्यावर दिसतं ते. पुढे हेल्मेटच्या वेळी हा पटका महत्त्वाचा ठरतो.

खालशाचा वेष मुळात सैनिकाचाच

नांदेडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गुरु गोबिंदसिंगांचं निधन १७०८ मध्ये नांदेडलाच झालं, तिथलं हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक, आणि सणाच्या वेळी तिथे जो हल्ला-महल्ला निघतो त्यात निळ्या कपड्यातले निहंग, म्हणजे शस्त्रधारी शीख योद्धे, तुम्ही बघितले असतील. त्यांची उंच पगडी, दुमाला, तिच्यावर पोलादी चक्रं बसवलेली असतात. नुसती शोभा नव्हती ती. चक्र हे फेकून मारायचं शस्त्र, आणि डोक्यावर पोलाद असलं की तलवारीचा वारही अडतो.

म्हणजे खालशाची ही वेशभूषा ज्या काळात घडली तो लढाईचा काळ होता. शंभर माणसात लपता येणार नाही, मार खाण्याची वेळ आली तरी ओळख पुसता येणार नाही, सोबतचा माणूस लांबून ओळखू येईल. युनिफॉर्मकडून आपण दुसरं काय मागतो? म्हणूनच मला "धर्म विरुद्ध युनिफॉर्म" ही मांडणीच चुकीची वाटते. इथे एक युनिफॉर्म दुसऱ्या युनिफॉर्मला भेटतोय, आणि दोन्ही एकत्र कसे बसवायचे एवढाच प्रश्न आहे.

इंग्रजांनी नुसती परवानगी नाही दिली, सक्ती केली

पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर लगेच, १८४६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने फिरोजपूर आणि लुधियाना इथे शीख पलटणी उभ्या केल्या. १८४९ मध्ये पंजाब पूर्ण त्यांच्या ताब्यात गेला. त्यानंतर जी पद्धत पडली ती ऐकून आज नवल वाटतं, शीख म्हणून भरती झालेल्या जवानाने अमृत घ्यायचं, केस ठेवायचे, दाढी ठेवायची, पगडी बांधायची. पलटणीत ग्रंथी, म्हणजे ग्रंथसाहिबाचं पठण करणारा, असायचा, गुरुद्वारा असायचा, शपथ गुरु ग्रंथसाहिबासमोर. केस कापले तर शिक्षा.

इंग्रजांना शीख धर्माचं प्रेम होतं म्हणून हे केलं का? तसं नाही. त्यांचा हिशोब होता की खालशाची शिस्त पाळणारा माणूस चांगला शिपाई होतो, आणि १८५७ नंतर प्रत्येक जमातीची पलटण वेगळी, तिची ओळख वेगळी ठेवणं त्यांना राज्य टिकवायला सोयीचंही होतं. हे स्वच्छपणे मान्य करायला हवं. पण आपल्या मुद्द्यापुरतं महत्त्वाचं हे की पगडी ही फौजेच्या नियमाला केलेली सूट नव्हती, पगडी हाच फौजेचा नियम होता. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या छोट्या चौकीवर हवालदार ईशरसिंग आणि त्यांच्यासोबतचे असे ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान हजारो पठाणांसमोर शेवटपर्यंत लढले, ते पगडीतच.

पोलादी हेल्मेटचा प्रश्न तेव्हा नव्हताच, कारण ते कुणाकडेच नव्हतं. पहिल्या महायुद्धात खंदकांवर तोफगोळ्यांचे तुकडे वरून पडायला लागले आणि डोक्याला मार लागून माणसं मरायला लागली, म्हणून १९१५ पासून फ्रेंच आणि मग इंग्रज सैन्यात हेल्मेट आलं. म्हणजे हेल्मेट हे पगडीपेक्षा खूप नंतरचं. शीख जवान तेव्हाही पगडीतच खंदकात राहिले. त्याच युद्धात हरदितसिंग मलिक हे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये पायलट झाले, तर त्यांच्या पगडीवरून बसेल असं मोठं खास फ्लाइंग हेल्मेट बनवून घेतलं गेलं. हे १९१७ सालचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका माणसासाठी सामान बदलता आलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हेल्मेटचा आग्रह धरला तेव्हा मात्र ठिणगी पडली. डिसेंबर १९४० मध्ये हाँगकाँगला शीख तोफचींनी हेल्मेट घालायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ज्या सैन्याने आधी पगडीची सक्ती केली त्याच सैन्याने ती उतरवायला सांगितली, तर चिडणार नाहीत का माणसं?

आपल्या सैन्यात काय आहे

स्वातंत्र्यानंतर ही पद्धत तशीच चालू राहिली, फक्त आता तिला संविधानाचा आधार आहे. कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात तर थेट लिहिलंय की किरपाण धारण करणं हे शीख धर्म पाळण्याचा भाग मानला जाईल.

शीख रेजिमेंटचं केंद्र झारखंडात रामगढला, शीख लाइट इन्फंट्रीचं उत्तर प्रदेशात फतेहगढला. पण शीख जवान-अधिकारी फक्त तिथेच असतात असं नाही, आणि बघायला मजा इथेच आहे. पॅराशूट रेजिमेंटची बेरे टोपी मरून, तर तिथला शीख अधिकारी मरून पगडी बांधतो. रणगाड्यांच्या दलात टोपी काळी, तर पगडी काळी. बिल्ला तोच आणि तो पगडीच्या पुढे लागतो. देशाचे पहिले शीख लष्करप्रमुख जनरल जोगिंदर जसवंतसिंग, २००५ ते २००७, हे मूळचे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९६४ मध्ये नवव्या मराठा बटालियनमध्ये दाखल झालेले. मराठा जवानांसोबत "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा देणारा पगडीधारी अधिकारी, आणि त्यामुळे मराठा पलटणीचा एकसारखेपणा कुठेही कमी झाला नाही.

एकसारखेपणा म्हणजे प्रत्येकाने अगदी तेच घालणं असा अर्थ सैन्यात कधीच नव्हता. गुरख्यांची टोपी तिरकी, स्कॉटिश पलटणी खास कार्यक्रमांना घागऱ्यासारखा किल्ट घालतात, नौसैनिकाचे कपडे पांढरे. नियम ठरलेला असावा आणि सगळ्यांना माहीत असावा, एवढीच त्यात अट असते.

पहिला आक्षेप: धर्म ठीक आहे, पण गोळी धर्म बघत नाही

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकणं म्हणजे जवानाच्या जिवाशी खेळणं. पगडीचे पाच-सहा मीटर कापड मार थोडाफार झेलतं, पण गोळी किंवा बाँबचा तुकडा थांबवत नाही. जुने पराक्रम सांगून हे झाकू नये.

पगडीवर साधं हेल्मेट बसत नाही हे उघड आहे. पटक्यावर बसवायला गेलं तर जुड्याच्या उंचवट्यामुळे ते डगमगतं, वर राहतं, कपाळ आणि कानाची बाजू उघडी पडते. काश्मीरमध्ये आपले जवान बरीच वर्षं जो बुलेटप्रूफ पटका वापरत आले तो यातलाच मधला मार्ग, कपाळ, बाजू आणि मागून पोलाद, वरून डोकं उघडं. तो सगळ्याच धर्माच्या जवानांनी वापरला. पण अडीच किलोच्या आसपास वजन, आणि वरून संरक्षण नाही.

मग जानेवारी २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने शीख जवानांसाठी १२,७३० खास बॅलिस्टिक हेल्मेटांची खरेदी काढली. बॅलिस्टिक म्हणजे गोळी आणि तुकडे अडवणारं. कानपूरच्या एमकेयू कंपनीने असं हेल्मेट आधीच बनवून दाखवलं होतं, त्याला मधोमध वर उचललेला भाग आहे, त्यात पटक्याखालचा जुडा बसतो.

मला वाटलं होतं यावर सगळे खूश होतील. झालं वेगळंच. अमृतसरच्या अकाल तख्ताचे तेव्हाचे जथेदार, म्हणजे प्रमुख, ज्ञानी हरप्रीतसिंग यांनी आक्षेप घेतला, शिरोमणी कमिटीनेही घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शीख परंपरेत डोक्यावर टोपी घालायला मनाई आहे, हेल्मेट ही एक प्रकारची टोपीच, आणि आज ती सोय म्हणून आली तर उद्या सक्ती होईल आणि हळूहळू पगडीच जाईल. दुसऱ्या बाजूला अनेक निवृत्त शीख अधिकारी म्हणाले की रणगाड्यात, विमानात आम्ही पटक्यावर हेल्मेट-हेडसेट घालतोच ना, १९७१ मध्ये श्रीनगरवर एकटे झुंजलेले परमवीर चक्र विजेते निर्मलजितसिंग सेखों हेल्मेटशिवाय विमान उडवत होते का?

इतिहासही इथे एका बाजूला सहज कलत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली शिखांची अशी पोलादी शिरस्त्राणं आज संग्रहालयांमध्ये आहेत, ज्यांना वर जुड्यासाठी मुद्दाम फुगवटा दिलेला आहे. म्हणजे केस राखून डोक्यावर पोलाद घालणारे शीख योद्धे होते. पण हाँगकाँगच्या तोफचींनी तुरुंग पत्करला हेही तितकंच खरं. माझं मत विचाराल तर हेल्मेट उपलब्ध असावं, चांगल्यातलं चांगलं असावं, पटक्यावरच बसणारं असावं, आणि परेडला, कार्यक्रमाला, तळावर पगडीच राहील हे लेखी द्यावं. जथेदारांची भीती हेल्मेटच्या आकाराची नाहीच, ती सरकारच्या पुढच्या पावलाची आहे, आणि ती भीती डिझाइनने नाही, लेखी शब्दाने जाते.

दुसरा आक्षेप: दाढीवर गॅस मास्क बसतच नाही

अमेरिकेत दाढीविरुद्ध मुख्य मुद्दा हाच. विषारी वायूपासून वाचवणारा मास्क चेहऱ्याला चिकटून बसायला लागतो. त्याची रबरी कड आणि कातडी यांच्यामध्ये जी हवाबंद रेषा तयार होते तिला सील म्हणतात. घरातल्या कुकरचं उदाहरण घ्या, गॅस्केटखाली भाताचं एक शीत अडकलं तरी वाफ तिथून निघून जाते आणि शिट्टी होत नाही. दाढीचे केस त्या शितासारखे. विज्ञान खरं आहे, हे शीख संघटनाही नाकारत नाहीत.

पण "सील होणं अवघड आहे" आणि "सील होऊच शकत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २००९-१० मध्ये अमेरिकी आर्मीने ज्या मोजक्या शिखांना दाढी-पगडीसह सेवेत घेतलं, कमलजितसिंग कलसी, तेजदीपसिंग रत्तन हे डॉक्टर आणि सिमरनप्रीतसिंग लांबा हा जवान, त्यांना ट्रेनिंगमध्ये अश्रुधुराच्या खोलीत मास्क लावून जावं लागलं आणि त्यांचं सील टिकलं. कॅनडाचे हरजित सज्जन, जे पुढे २०१५ मध्ये तिथले संरक्षणमंत्री झाले, त्यांनी तर दाढीवर बसेल अशा गॅस मास्कचं डिझाइन स्वतः करून पेटंट घेतलं होतं.

आणि कोविडमध्ये आणखी एक रस्ता सापडला. इंग्लंडमधल्या शीख डॉक्टरांना एन-९५ सारखे मास्क घालायला दाढी काढा म्हणून सांगितलं जात होतं. शीख दाढी बसवण्यासाठी जो ठाठा बांधतात, म्हणजे हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली कापडी पट्टी, त्याचीच कल्पना घेऊन त्यांनी कापडाऐवजी व्यायामाचा रबरी पट्टा दाढीवरून ताणून बांधला आणि त्यावर मास्क. मास्कची कड आता केसांवर नाही, गुळगुळीत रबरावर बसते. फिट टेस्टमध्ये बहुतेक डॉक्टर पास झाले. शेकडो वर्षांची घरातली सवय आणि पाच रुपयांची अक्कल, बाकी काही नाही. हॉस्पिटलचा मास्क आणि रणांगणातला मास्क एक नव्हे, नर्व्ह गॅसला जास्त कडक सील लागतं, हे मान्य, पण मग संशोधन त्या दिशेने करा, माणूसच नको म्हणणं हा आळस झाला.

अमेरिकेत नेमका घोळ काय झाला

पहिल्या महायुद्धातच भगतसिंग थिंद नावाचा पगडीधारी शीख अमेरिकी सैन्यात होता. नंतरही शीख होते. १९८१ मध्ये आर्मीने नियम बदलला आणि नव्या शिखांसाठी दार बंद झालं. जवळपास तीस वर्षांनी कलसी वगैरेंमुळे ते किलकिलं झालं, पण प्रत्येकाला वेगळा अर्ज, वेगळी मंजुरी, आणि बदली झाली की पुन्हा अर्ज.

सिमरतपालसिंग या कॅप्टनची गोष्ट मला फार लागते. वेस्ट पॉइंट या तिथल्या सैनिकी अकादमीत प्रवेश घेताना त्याला केस कापावे लागले. पास झाला, अफगाणिस्तानात गेला, ब्राँझ स्टार हे शौर्य-सेवेचं पदक मिळालं, आणि मग त्याने पुन्हा केस ठेवायची परवानगी मागितली. आर्मीने तात्पुरती दिली आणि वर हेल्मेट-मास्कची अशी जादा चाचणी लावली जी दुसऱ्या कुठल्याच सैनिकाला लावत नव्हते. तो कोर्टात गेला, न्यायाधीशांनी ती चाचणी थांबवली, आणि ३१ मार्च २०१६ ला त्याला परवानगी मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये आर्मीने नियमच सोपा केला.

मरीन दल मात्र अडून बसलं, तेरा आठवड्यांच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये दाढी चालणार नाही म्हणून. तीन तरुण कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने त्यातल्या दोघांना तातडीचा दिलासा दिला. कोर्टाचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. अमेरिकेत १९९३ चा एक कायदा आहे, सरकारला कुणाच्या धर्माचरणावर बंधन घालायचं असेल तर एकतर तितकंच मोठं कारण दाखवावं लागतं आणि वर हेही दाखवावं लागतं की यापेक्षा सौम्य उपायच नव्हता. कोर्ट म्हणालं, ज्यांना दाढी करून गालावर फोड येतात त्यांना तुम्ही ट्रेनिंगमध्ये दाढी ठेवू देता, टॅटू चालतात, बायकांना वेगवेगळ्या केशरचना चालतात, मग एकसारखेपणा फक्त शिखाच्याच दाढीने कसा मोडतो? ऑगस्ट २०२३ मध्ये जसकिरतसिंग सॅन डिएगोहून ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडला, दाढी आणि पगडीसकट.

आता २०२५ च्या आदेशाने घड्याळ मागे फिरवायचा प्रयत्न झालाय. त्यात धार्मिक कारणाच्या अर्जांची एकेक करून तपासणी होईल असं आहे, म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण सूर स्पष्ट आहे. शिवाय फोडांच्या त्रासाची सवलतही कडक केलीय, वर्षभर उपचार करून फरक पडला नाही तर सैन्यातून बाहेर, आणि हा त्रास जास्त करून काळ्या सैनिकांना होतो. म्हणजे फटका एकट्या शिखांना नाही. पण आदेश हा आदेश असतो आणि १९९३ चा कायदा हा कायदा, तो अजून जागेवर आहे, त्यामुळे हा विषय पुन्हा कोर्टात जाण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप: मग मुसलमान जवानाला दाढी का नाही?

हा प्रश्न आपल्याकडचा आहे आणि प्रामाणिक आहे. हवाई दलातल्या एका मुसलमान जवानाने दाढी ठेवली, त्याला काढून टाकलं, आणि १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ती कारवाई योग्य ठरवली. हवाई दलाचा नियम असा, की ज्याचा धर्म केस कापायला किंवा दाढी करायला मनाईच करतो त्यालाच सूट. शीख धर्मात ती मनाई आहे. इस्लाममध्ये मतं वेगवेगळी आहेत, दाढी ठेवणं चांगलं मानतात पण न ठेवण्याला सक्त मनाई आहे असं कोर्टासमोर सिद्ध झालं नाही. आणि कलम ३३ प्रमाणे सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते.

कायद्याच्या चौकटीत निकाल सरळ आहे. तरी मला तो पूर्ण पचत नाही हे सांगतो. एखाद्या माणसाच्या मनात श्रद्धा किती खोल आहे हे त्याच्या धर्मग्रंथात 'सक्ती' लिहिलंय का यावरून ठरवायचं, हे जरा विचित्र आहे. शिखांची सवलत काढून समानता आणू नये एवढं नक्की. आणायचीच तर ती दुसऱ्या बाजूने आणता येते, आणि आपल्याच नौदलात कुठल्याही धर्माच्या माणसाला परवानगी घेऊन दाढी ठेवता येते, वर्षानुवर्षं येते.

"एकाला दिलं की सगळे मागतील"

मागू देत. ब्रिटनमध्ये हे होऊन गेलंय. तिथे १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलच्या हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तीच सूट आहे, पुण्यात हेल्मेटसक्तीचा वाद पेटला की दरवेळी त्यावरून बोललं जातं. ब्रिटनमध्ये तेव्हाही लोक म्हणाले होते की आता सगळे काही ना काही कारण काढतील. तसा पूर आला नाही.

२०१२ मध्ये जतिंदरपालसिंग भुल्लर हा स्कॉट्स गार्ड्सचा जवान बकिंगहॅम राजवाड्याबाहेर अस्वलाच्या केसांच्या त्या प्रसिद्ध उंच टोपीऐवजी पगडीत पहाऱ्याला उभा राहिला. त्यावर तिथे टीका झाली, परंपरा मोडली म्हणून. २०१८ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या परेडमध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा चरणप्रीतसिंग लाल (लाल हे आडनाव) काळी पगडी बांधून चालला, आणि पगडीवर रेजिमेंटचा चांदणीचा बिल्ला. आणि मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश आर्मीने सगळ्याच सैनिकांना, धर्म असो नसो, नीट राखलेली दाढी ठेवायची मुभा दिली. अट एवढीच की कामगिरीची गरज असेल, वायूहल्ल्याचा धोका असेल, तर कमांडर ती काढायला सांगू शकतो. तिथे दाढी आता कुणा एका धर्माची सवलत राहिलेली नाही, केव्हा ठेवायची आणि केव्हा नाही हे धोका बघून ठरतं.